बोरिवली नॅशनल पार्क, दहा जण, डिसेंबरातला एक दिवस: नियोजनाला मदत हवी

मुक्ता_कल्याण

नमस्कार मंडळी,
नाताळच्या सुट्टीत नागपूरहून नणंद, नंदावे आणि त्यांची दोन मुलं (11 आणि 8) येतायत. माझी दोन (9 आणि 4), आम्ही दोघं, सासू-सासरे. झाले दहा. एक अख्खा दिवस सगळ्यांनी मिळून बाहेर घालवायचा असं ठरलंय, आणि मॉल नको यावर घरात चक्क एकमत आहे. म्हणून बोरिवलीचं नॅशनल पार्क. कॉलेजात असताना मी तिथे गेलेय, पण तेव्हा मैत्रिणींचे फोटो काढण्यापलीकडे कशात लक्ष नव्हतं.

अडचणी अशा. सासूबाई 72 वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण "मी घरी थांबते, तुम्ही जा" हे वाक्य आम्ही यंदा त्यांना बोलू देणार नाही. सासरे 76, रोज पहाटे चालतात आणि एकदा निघाले की मागे वळून बघत नाहीत. धाकटा दुपारी एकच्या सुमारास कुठेही झोपतो, पण झोपायच्या आधी अर्धा तास रडतो.

विचारायचं आहे ते हे: रविवार की मधला वार? सफारी करावी की कान्हेरीची लेणी, की दोन्ही? डबा न्यावा का? स्वच्छतागृहांची काय सोय? ती छोटी आगगाडी चालू आहे का? आणि कल्याणहून दहा जणांनी तिथे पोचायचं कसं?

बोरिवलीकर

गेटपासून दहा मिनिटांवर राहतो, म्हणून पहिला मान माझा.

सोमवारी पार्क बंद. रविवार टाळा. 25 तारीख, 31 तारीख आणि एक जानेवारी तर गेटकडे फिरकूसुद्धा नका. मंगळवार ते शुक्रवार यातला कुठलाही दिवस धरा. शाळांच्या सहली तेव्हाही असतात, पण त्या साधारण दहानंतर येतात आणि रांगेत असतात, त्यांचा त्रास नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंतर. लोक 'पार्क' म्हणून येतात आणि समोर जंगल निघतं. एकूण 104 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, बोरिवलीपासून पार तुमच्या ठाण्याच्या येऊरपर्यंत. गेटजवळचा बागेचा, बोटींचा, सफारीचा भाग हा त्यातला अगदी छोटा कोपरा. कान्हेरी गेटपासून पाच-सहा किलोमीटर आत, चढाचा रस्ता. आतून बस सुटते, ती भरली की निघते. तुम्ही दहा जण असाल तर ती तुमच्यामुळेच भरेल.

वनराणीचे, म्हणजे त्या आगगाडीचे, रूळ 2021 च्या तौक्ते वादळात खराब झाले आणि ती बंद पडली. चालू झालीय का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत मुलांसमोर तिचं नाव काढू नका.

साबुदाणा

पोचायचं कसं याचं उत्तर वारावर आहे. रविवार असेल तर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) बघा, मग पुढचं बोला.

मधला वार असेल तर: कल्याण-दादर जलद, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, बोरिवली जलद. कागदावर सोपं. पण सकाळी सातची कल्याण जलद, चार मुलं आणि दुखरे गुडघे घेऊन? उतरवून घेणाऱ्याला नमस्कार. त्यापेक्षा ठाण्यापर्यंत स्लो लोकल (कल्याणहून सुटणारी पकडा, बसायला मिळतं), आणि ठाण्याहून घोडबंदरमार्गे बोरिवलीची बस. किंवा सरळ दोन गाड्या करा.

रूळावरचा

दिवा-वसई लाइन कोणी सुचवत कसं नाही? कोपर किंवा दिव्याहून वसई रोड, तिथून बोरिवली. खाडी काय दिसते!

साबुदाणा

@रूळावरचा, गाड्या दिवसाला मोजक्या. एक चुकली की मुक्ताच्या सासूबाईंनी कामणच्या फलाटावर साडी वाळत घालायची का?

संत्रेवाला

काय राजेहो, नागपूरच्या माणसाला मुंबईत वाघ दाखवता! आमच्या पोट्ट्यांनी पेंच बघितलं, ताडोबा बघितलं. घराजवळ गोरेवाडा आहे, तिथली सफारी 2021 च्या प्रजासत्ताक दिनाला सुरू झाली, तीपण करून झाली असंल. त्यांना जाळीच्या बसमध्ये बसवून कुंपणातला वाघ दाखवाल तर पाहुणे तोंडावर वा वा म्हणतील अन् गाडीत बसल्यावर हसतील. मुंबईत जे आहे अन् नागपुरात नाही ते दाखवा.

मुक्ता_कल्याण

@संत्रेवाला, नंदावे काल फोनवर शब्दशः हेच बोलले! फक्त "पोट्टे" म्हणाले नाहीत, कारण फोन स्पीकरवर होता.

मग सफारी कटाप. सफारीचा वेळ वाचला तर कान्हेरीला देता येईल. पण कान्हेरीत मुलं रमतील का? आणि पायऱ्या किती?

खोदकाम

मुक्ता, कान्हेरीच कर. बाकीचं जमलं तर जमलं.

लेणी शंभराच्या वर आहेत, 109 हा आकडा नेहमी सांगतात. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून साधारण दहाव्या शतकापर्यंत इथे कोरणं आणि राहणं चालू होतं. अजिंठा-वेरूळ करून आलेले लोक इथे नाक मुरडतात, चित्रं कुठायत, कैलास कुठाय म्हणून. पण कान्हेरी बघायची ती राहती वस्ती म्हणून. बहुतेक लेणी म्हणजे भिक्षूंची घरं: पुढे अंगण, दोन पायऱ्या, ओसरीत बसायला दगडी बाक, आत झोपायचा ओटा, आणि दाराशी पाण्याचं टाकं. मुलांना हे पटकन कळतं. माझ्या भाचीने आत शिरल्या शिरल्या "ही माझी खोली" म्हणून एक बळकावली आणि भावाला ओसरीवर झोपायला सांगितलं.

त्यांना पाणी शोधायला लाव. लेण्याच्या कपाळावर कातळात एक बारीक पन्हळ खोदलेली दिसते. पावसाचं पाणी दारावरून न ओघळता बाजूने जावं आणि टाक्यात पडावं म्हणून. एकदा ती दिसली की मग प्रत्येक लेण्यावर दिसायला लागते, आणि मुलं तिच्या मागे मागे जाऊन टाकं हुडकून काढतात. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडा डोंगर, त्यावर काढलेला हा तोडगा. डिसेंबरातही काही टाक्यांत पाणी असतं. हिरवं असतं, हात घालू देऊ नका. काही टाकी खोल आहेत, त्यामुळे चार वर्षांच्याचा हात सोडायचा नाही, हे मात्र कडक.

पायऱ्यांचं. बस जिथे सोडते तिथून तिकीट खिडकीपर्यंत थोड्या पायऱ्या आहेत (पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं, मोठ्यांना 25 रुपये, 15 वर्षांखालच्यांना फुकट). आत शिरलं की पहिलं, दुसरं, तिसरं लेणं जवळजवळच आहेत, आणि नशिबाने तिसरं हेच सगळ्यात मोठं. ते चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनागृह, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. आत 34 खांब आणि टोकाला स्तूप. ओसरीच्या दोन्ही अंगांना वीसेक फुटी बुद्ध उभे आहेत, ते नंतरच्या काळातले. सासूबाई तिथवर आल्या तर कान्हेरीतलं सगळ्यात देखणं बघून झालं असं समज.

आत गेल्यावर खांब नीट बघा. काहींना खाली घट, वर हत्ती आणि त्यावर बसलेली माणसं कोरलेली आहेत, आणि काही नुसते अष्टकोनी तासून सोडून दिलेत. मुलांना सांग, कारागीर कुठपर्यंत आले होते आणि कुठून उठून गेले ते शोधा.

पुढे थोडं चढून 11 नंबरचं दरबार लेणं, मधोमध दोन लांबलचक बुटके दगडी बाक. तिथे पंगत मांडायचा मोह सगळ्यांना होतो. मांडू नये. सासरे आणि अकरा वर्षांचा भाचा यांना दम असेल तर त्यांनी वर 90 नंबरपर्यंत जावं. तिथल्या भिंतीवर पहलवी या जुन्या इराणी लिपीत काही ओळी आहेत, 1009 आणि 1021 साली इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी कोरलेल्या.

आणि तू कल्याणची म्हणून मुद्दाम सांगतो. इथल्या दानलेखांत कल्याणच्या लोकांची नावं आहेत, व्यापाऱ्यांची तर आहेतच, सोनाराचं आणि लोहाराचंही आहे. त्यांना दादरला गाडी बदलावी लागत नव्हती एवढंच.

चष्मेबहाद्दर

खोदकाम यांचा प्रतिसाद उत्तम, पण त्यात चार वर्षांचं पोर आणि 72 वर्षांच्या बाई कुठे आहेत? मुक्ताची पहिली पोस्ट वाचली तर दोघांसाठी सरळ उत्तर आहे: राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. भायखळा मध्य रेल्वेवरच, जलद गाडी थांबते, गाडी बदलायची नाही, पूल एकच. सपाट रस्ते, जागोजागी बाकडी, पेंग्विन. बाग 1862 सालची, झाडंच बघत राहावीत अशी. गोरखचिंचेचा बुंधा कवेत घ्यायला तुम्ही दहाही जण लागाल. सफारी नाही, माकडं पिंजऱ्यात आणि डबा तुमच्या हातात.

बोरिवलीकर

राणीची बाग बुधवारी बंद, पार्क सोमवारी. नोंद घ्यावी.

मुक्ता_कल्याण

@चष्मेबहाद्दर, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच पेंग्विन आमच्याकडे तोंडपाठ आहेत. धाकटा त्यांना नावाने हाक मारतो. या वेळी सगळ्यांना मोकळं रान हवंय.

@खोदकाम, पन्हळीचं वाचून मोठी आत्ताच विचारतेय की आपल्या गच्चीचं पाणी कुठे जातं. उत्तर बाबांकडे ढकललंय.

रानवाट

माकडांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

कान्हेरीच्या बसथांब्यापाशी पाड्यांवरच्या बायका काकडी, पेरू, बोरं, चिंचा घेऊन बसतात. तिखटमीठ लावलेली काकडी घ्यायचीच, पण घेतली की तिथेच, पाठ भिंतीला लावून, हातातली संपवायची. हातात खाणं धरून पायऱ्या चढू नका. माकडं रस्त्यात बसलेली असतात आणि त्यांची नजर माणसाच्या हातावर असते, तोंडावर नसते. पिशवीचा करकर आवाज आला की तीन दिशांनी येतात. मुलाच्या हातातलं खेचलं तर सोडून द्यायचं, ओढाताण करायची नाही. मुलांना हे घरूनच शिकवून आणा. दात दाखवले तर ते हसू नव्हे. डोळ्याला डोळा न लावता मागे सरायचं. आणि त्यांना स्वतःहून काही देऊ नका, "बिचारं भुकेलंय" म्हणून तर अजिबात नाही. देणाऱ्यांनीच ती अशी करून ठेवलीत.

गेटवर पिशव्या तपासतात. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या घरीच ठेवा. स्टीलचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या आणा, आणि जेवढं आणाल तेवढं परत न्या.

बिबट्याचं विचारलं नाहीत, पण नागपूरकर विचारतीलच. आहेत. पार्क आणि शेजारची आरे कॉलनी मिळून पन्नासच्या आसपास. दिवसा माणसांच्या रस्त्यावर दिसायची शक्यता जवळपास नाही. तरी संध्याकाळी अंधारायच्या आत बाहेर पडायचं आणि लहान मुलाला झुडपाआड 'बसायला' एकटं पाठवायचं नाही.

आणखी एक पर्याय. गेटजवळच्या निसर्ग माहिती केंद्रातून वाटाड्यासोबत शिलोंढ्याच्या पायवाटेवर नेतात. आधी विचारून ठरवावं लागतं. मोठ्या दोन मुलांना आणि सासऱ्यांना ते कान्हेरीपेक्षाही आवडेल. फुलपाखरं, कोळी, झाडांवरचे बिबट्याच्या नखांचे ओरखडे हे सगळं दाखवतात. पण एका दिवसात दोन्ही नको.

साबुदाणा

डब्याचं माझ्याकडे. दुधातल्या दशम्या आणि कोरडी लसणाची चटणी. तिखटमिठाच्या पुऱ्या. मुलांसाठी गूळ-तूप पोळीच्या सुरळ्या. भरल्या वांग्याचा रस्सा, मसालेभात, कोशिंबीर असलं काही नेऊ नका. ताट मांडून बसलात की रानवाट यांच्या मित्रांना आमंत्रण गेलंच समजा. एका हातात मावेल आणि पाच मिनिटांत संपेल असा जेवणाचा प्रकार हवा. केळी तर मुळीच नाहीत, पिवळा रंग झाडावरून दिसतो.

आणि दुपारचं मुख्य जेवण पार्काबाहेर. बोरिवली पूर्वेला स्टेशनकडे जाताना थाळीवाले, उडपी, सगळं आहे. डबा फक्त अकराच्या भुकेसाठी.

मीराताई

मुक्ता, मी अजून एक बाजू सांगते, कारण हे सगळं वाचताना मला सारखं एकच दिसतंय. "सासूबाई खाली बसतील." खोदकाम यांनी निदान तिसऱ्या लेण्यापर्यंत तरी आणलं त्यांना.

घरच्या सहलीत आजीचं काम ठरलेलं असतं. झाडाखाली सतरंजी, भोवती सगळ्यांच्या पिशव्या, चपला, एक झोपलेलं मूल, आणि "आई, तुम्ही इथेच बसा हं, आम्ही आलोच." ते 'आलोच' दोन तासांचं असतं. तेवढ्यात माकड आलं तर हातात काठीसुद्धा नसते. माझी आई अशा कितीतरी जागी 'जाऊन आली' आहे आणि तिने त्या ठिकाणचं फक्त वाहनतळ पाहिलंय.

म्हणून दिवस आखताना आधी सासूबाईंचा आखा, उरलेल्यांचा त्याभोवती बसवा. उलट करायला गेलात की त्यांच्या वाट्याला उरलेला वेळ येतो.

म्हणजे काय करायचं? सकाळी सगळ्यात आधी, ऊन चढायच्या आत आणि गुडघे ताजे असताना, कान्हेरी. लोक आधी बागेत रेंगाळतात आणि बारा वाजता लेणी चढतात. तो काळा कातळ डिसेंबरातसुद्धा दुपारी तापतो, आणि वर सावली नाही. घडीचा छोटा स्टूल न्या, पाठीला अडकवायचा. स्टूल तुमच्या यजमानांच्या पाठीवर, सासूबाईंच्या नाही. दहा पायऱ्या झाल्या की उघडायचा. बसची पायरी उंच असते. चढताना एकाने आधी वर जाऊन हात द्यायचा, मागून ढकलायचं नाही. गुडघ्याचा पट्टा घरूनच लावून निघायचं, तिथे पोचल्यावर नाही. उतरणं चढण्यापेक्षा जड जातं, तेव्हा घाई करणाऱ्याला पुढे पाठवून द्या.

मग त्या तिसऱ्या लेण्यात गार सावलीत बसतील, आणि वर गेलेली मंडळी खाली येतील तेव्हा ती त्यांच्याकडे येतील. त्यांच्यासोबत एक मोठं माणूस कायम, आणि ते माणूस दर अर्ध्या तासाने बदलायचं. नेहमी सूनच नको.

स्वच्छतागृहं गेटच्या बाजूच्या भागात आहेत आणि कान्हेरीलाही आहेत. स्वच्छता नशिबावर. साबण, कोरडा नॅपकीन आणि पाण्याची एक जादा बाटली वेगळ्या पिशवीत ठेव. बसमध्ये चढायच्या आधी सगळ्यांना एकदा जाऊन यायला लाव, "मला नाही आली" म्हणणाऱ्यांनासुद्धा.

गप्पिष्ट

मीराताई, +1000. वाचनखूण साठवली.

चष्मेबहाद्दर

मीराताईंच्या प्रतिसादानंतर माझा राणीच्या बागेचा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच.

मुक्ता_कल्याण

मीराताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. चष्मा पुसला, पुन्हा एकदा वाचायला लावला, मग म्हणाल्या, "लिही त्यांना. मी तीन नंबरपर्यंत येणार. आणि पिशव्या सांभाळायला हिच्या सासऱ्यांना बसवा." सासरे पेपरामागून काही बोलले नाहीत.

आत्तापर्यंत असं ठरतंय: 27 किंवा 28 तारीख, जो मधला वार येईल तो. दोन गाड्या, कारण लोकलच्या नावाने नंदाव्यांनीच हात जोडले. पहाटे निघायचं, घोडबंदर रोड जागा व्हायच्या आत पार व्हायचं. पहिली बस धरून कान्हेरी. एक वाजायच्या आत खाली. धाकटा झोपेल तो गाडीत जेवणाच्या ठिकाणी जाताना झोपेल, म्हणजे रडण्याचा अर्धा तास रस्त्यावर जाईल.

दोन शंका. दुपारनंतर पुन्हा आत जावं का? आणि गाड्या कुठे लावायच्या?

बोरिवलीकर

गाड्यांची पार्किंगची जागा गेटच्या आत आहे, सकाळी लवकर पोचलात तर मिळते, अकरानंतर शोधाशोध. गाडी घेऊन थेट कान्हेरीपर्यंत जायचा विचार करू नका, आतली बसच घ्या. रस्ता जंगलातून जातो आणि बसमधून उंचावरून जास्त दिसतं.

दुपारनंतरचं म्हणाल तर तिकीट सकाळीच काढलेलं असतं, पण एकदा बाहेर पडलात की पुन्हा तिकीट लागतं. म्हणून साबुदाणा यांच्याशी थोडा असहमत. बाहेर जेवायला जायचं तर मग परतूच नका. नाहीतर डबा थोडा जास्त आणा, खाली दहिसर नदीच्या काठच्या बागेत खा, आणि दुपारी बोटी व गांधी टेकडी करा. टेकडी छोटी आहे, सासऱ्यांचा एक दम. बोटीत सासूबाईंना बसवायचं असेल तर चढताना बोट हलते, दोघांनी धरा.

माझं मत विचाराल तर पहिला पर्याय. सकाळी सातला निघालेली चार मुलं तीन वाजेपर्यंत माणसांत राहत नाहीत.

साबुदाणा

असहमतीची नोंद घेतली. दशम्यांचं पीठ मात्र वाढवा, ते दोन्ही पर्यायांत लागतं.

ठाणेकर_अस्सल

अवांतर: इतकं सगळं करून तुम्ही ज्या जंगलाला वळसा घालून जाणार ते आमच्या येऊरला घराच्या मागे आहे. ठाणे-बोरिवली बोगदा झाला की त्याच्याच खालून अकरा-बारा किलोमीटर जाल आणि वर काय आहे ते दिसणारही नाही.

रानवाट

@ठाणेकर_अस्सल, येऊरच्या बाजूने कान्हेरीला किंवा बोरिवलीच्या गेटला जाता येत नाही, हे आताच सांगून ठेवा. दर वर्षी कोणीतरी नकाशात सरळ रेघ मारतं आणि "चालत जाऊ" म्हणतं.

संत्रेवाला

मुक्ताताई, एक विनंती. नंदाव्यांना डिसेंबरात मुंबईला स्वेटर आणायला सांगू नका. नागपूरचा माणूस तुमच्या थंडीला थंडी म्हणत नाही, अन् दिवसभर तो स्वेटर तुम्हालाच हातात धरावा लागंल.

मुक्ता_कल्याण

उशीर झाला. आणतायत. चारही.

आजोबांचा_नातू

उशिरा धाग्यावर आलो. कान्हेरीपर्यंत जाताच आहात तर तुळशी तलाव पण होईल ना? फोटोत फार सुंदर दिसतो.

रानवाट

नाही. तुळशी आणि विहार दोन्ही मुंबईला पिण्याचं पाणी देणारे तलाव, विहार 1860 चा, तुळशी 1879 चा. काठापर्यंत सामान्य लोकांना सोडत नाहीत. कोणी ओळखीने नेतो म्हणालं तर जाऊ नका. पाणीच बघायचं असेल तर कान्हेरीतल्या ओढ्याला पावसाळ्यात या, सासूबाईंना सोडून. तेव्हा पायऱ्या निसरड्या असतात.

मुक्ता_कल्याण

सासूबाई विचारतायत, "सोडून का?"

मीराताई

त्यांना सांग, जुलैच्या ऐवजी सप्टेंबरच्या शेवटी. पाऊस कमी, ओढा वाहता. स्टूल तोच.